कुठे जायचं ते चार्टरर सांगणार, पण वादळात ऐकायचं कुणाचं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीही एकदा नजर टाका, कारण बोलताना तारखा आणि आकडे कानावरून निघून जातात.

प्रश्न साधा आहे. जहाज एकाचं, माल दुसऱ्याचा, भाडं तिसरा भरतोय आणि सुकाणू चौथ्याच्या हाताखाली. हा चौथा माणूस म्हणजे कप्तान, कायद्याच्या भाषेत मास्टर. भाडं भरणाऱ्याचा हुकूम त्याने कधी मोडायचा? मोडला तर नुकसान कुणाच्या खिशातून जाणार? आणि पाळला आणि जहाज बुडालं, तर दोष कुणाचा? दोनशे वर्षं कोर्टं याचं उत्तर शोधतायत. ते उत्तर आज बरंच स्पष्ट झालंय, पण त्यात एक गोम आहे. ती शेवटी सांगतो, कारण आधीच्या गोष्टी कळल्याशिवाय ती लक्षात येणार नाही.

आधी गाडीचं उदाहरण

समजा तुम्ही पुण्याहून कोकणात जायला ड्रायव्हरसकट गाडी भाड्याने घेतली. रोजचा दर ठरलेला, डिझेल तुमचं. गाडी मालकाची, ड्रायव्हर मालकाच्या पगारावर, पण चार दिवस "इथे चला, तिथे थांबा" हे तुम्ही सांगणार. जहाजांच्या धंद्यात याला टाइम चार्टर म्हणतात. जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेणारा तो चार्टरर. रोजचं भाडं आणि इंधन त्याच्या खात्यावर. कप्तान आणि खलाशी मालकाचे नोकर.

आता घाटात धुकं आलं. गाडी किती वेगाने चालवायची, ओव्हरटेक करायचं की नाही, हे तुम्ही सांगू शकता का? नाही. ते ड्रायव्हरचं काम. कुठे जायचं हे ड्रायव्हर ठरवू शकतो का? तेही नाही. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

पण ताम्हिणी घाटाने जायचं की लांबच्या रस्त्याने? हा "कुठे जायचं"चा भाग की "कसं चालवायचं"चा? लांबून गेलं तर एक दिवस जास्त लागणार, डिझेल जास्त जाणार, आणि दोन्ही तुमच्या पैशाने. ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, मागच्या वेळी त्या घाटात गाडीला मार बसला, मी तिकडून नेणार नाही." कुणाचं ऐकायचं? हाच प्रश्न जहाजाच्या बाबतीत लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. तिथे येऊच. आधी थोडं मागे जाऊ.

जेव्हा विचारायला कुणी नव्हतं

१८०१ साली लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी कोर्टात 'ग्रातितुदिने' नावाच्या जहाजाचा खटला आला. जहाज वाटेत मोडकळीला येऊन लिस्बन बंदरात शिरलं होतं. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून कप्तानाने जहाजाबरोबर त्यातला मालही गहाण टाकला. माल त्याचा नव्हता, मालाच्या मालकाने परवानगी दिली नव्हती. न्यायाधीश होते सर विल्यम स्कॉट, पुढे लॉर्ड स्टोवेल म्हणून प्रसिद्ध झाले ते. त्यांनी कप्तानाची बाजू मान्य केली. एरवी मालाच्या बाबतीत कप्तान फक्त वाहून नेणारा असतो, पण परक्या बंदरात अडचण आली आणि विचारायला कुणी नसलं, तर त्या गरजेतूनच त्याला अधिकार मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

या निकालाच्या पायाशी एक साधी वस्तुस्थिती होती. पत्र पाठवून उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे. कप्तानाचा अधिकार मोठा होता, कारण मालक लांब होता.

मग तार आली. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. मुंबईला जहाज लागायच्या आत तिथल्या एजंटाच्या टेबलावर लंडनहून पुढचा हुकूम येऊन पडू लागला. त्यानंतर बिनतारी संदेश आले, आणि हुकूम भर समुद्रातही पोचू लागला. आज उपग्रहामुळे कप्तानाला रोज ईमेल येतात. वेग किती, इंधन किती जाळलं, बंदरात कधी पोचणार, वगैरे. समुद्र तेवढाच मोठा राहिला, पण कप्तानाचा एकटेपणा गेला. आणि त्या एकटेपणाबरोबर त्याचा जुना, न विचारता ठरवायचा अधिकारही आक्रसत गेला.

दोन शब्दांमधली रेघ

याच काळात छापील करार आले. न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्सचेंजचा नमुना करार १९१३ पासून आहे, आणि त्याची १९४६ची आवृत्ती पुढे कित्येक दशकं वापरात राहिली. त्यातला मुद्दा आपल्या भाषेत असा: कप्तान मालकाने नेमलेला असला तरी जहाजाच्या 'एम्प्लॉयमेंट'बाबत तो चार्टररच्या हुकमात राहील. शिवाय तो प्रवास शक्य तितक्या लवकर उरकेल. जहाजाच्या 'नॅव्हिगेशन'ची जबाबदारी मात्र मालकाकडेच राहील.

म्हणजे सगळा वाद या दोन शब्दांवर येऊन थांबतो. एम्प्लॉयमेंट म्हणजे जहाजाचा वापर: कोणता माल, कोणतं बंदर. नॅव्हिगेशन म्हणजे जहाज चालवणं. पहिलं चार्टररचं, दुसरं कप्तानाचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांतलं 'रामोन दे लारिनागा' या जहाजाचं प्रकरण बघा. ब्रिटिश सरकारने ते आपल्या कामासाठी घेतलं होतं. फ्रान्सच्या सेंट नाझेर बंदरातून कार्डिफला जायचा हुकूम झाला. हवामान खराब होतं, आणि जहाज तळाला लागून नुकसान झालं. मालक म्हणाले, तुमच्या हुकमामुळे हे झालं, भरपाई द्या. लॉर्ड्सनी नकार दिला. कार्डिफला जा, हा हुकूम वापराबाबतचा आहे हे खरं. पण जहाज तळाला लागलं ते समुद्राच्या धोक्यामुळे, आणि तो धोका जहाज चालवण्याचा भाग आहे. हुकूम आणि नुकसान यांचा थेट संबंध नाही.

मालकांच्या दृष्टीने हा धडा कडू होता. समुद्रातले निर्णय तुमच्या कप्तानाचे असतील, तर त्यांचे परिणामही तुमचेच.

भरतीची वेळ

आता १९६७. 'टोरी कॅन्यन' हा अवाढव्य तेलवाहू टँकर. झेंडा लायबेरियाचा, मालकी एका अमेरिकन तेल कंपनीच्या उपकंपनीची, भाड्याने घेतलेला ब्रिटिश पेट्रोलियमने, कप्तान आणि खलाशी इटालियन. कुवेतच्या मिना अल अहमदी बंदरात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल भरून तो वेल्समधल्या मिलफर्ड हेवनकडे निघाला होता.

एवढं खोल बसलेलं जहाज मिलफर्ड हेवनमध्ये मोठ्या भरतीलाच आत शिरू शकत होतं. १८ मार्चच्या रात्रीची भरती चुकली, तर पुढची पुरेशी भरती सहाएक दिवसांनी. एजंटाने कप्तानाला हे कळवलं होतं. शिवाय आत शिरण्यापूर्वी शांत पाण्यात थांबून टाक्यांमधलं तेल इकडून तिकडे करून जहाज समतोल करायचं होतं, त्यालाही काही तास हवे होते.

१८ मार्चच्या सकाळी लक्षात आलं की जहाज ठरवल्यापेक्षा पूर्वेला आलंय. मूळ बेत सिली बेटांच्या पश्चिमेकडून, मोकळ्या समुद्रातून जायचा होता. आता तिकडे वळायचं तर वेळ जाणार. कप्तानाने बेटांच्या पूर्वेकडून, 'सेव्हन स्टोन्स' खडकांजवळून जायचं ठरवलं. सकाळी नऊच्या सुमाराला जहाज खडकावर आदळलं. तेल कॉर्नवॉलच्या आणि पुढे फ्रान्सच्या किनाऱ्यावर पसरलं. शेवटी ब्रिटिश विमानांनी त्या जहाजावर बॉम्ब टाकून तेल जाळायचा प्रयत्न केला.

लायबेरियाच्या चौकशी मंडळाने कप्तानालाच दोषी ठरवलं आणि त्याचं लायसन्स गेलं. जवळच्या वाटेने जा, असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. वाट त्याने स्वतः निवडली. फक्त भरतीची वेळ सांगितली होती, आणि ती माहिती खरीच होती. हे नीट लक्षात ठेवा. ज्या गोमेचा सुरुवातीला उल्लेख केला, तिची सुरुवात इथे आहे.

थांबून विचार करायचा हक्क

तेवीस वर्षांनी, पुन्हा मिना अल अहमदी. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा 'हौदा' नावाचा टँकर तिथे तेल भरत होता. तो अर्धवट भरलेल्या स्थितीत निघाला आणि मालाची मूळ कागदपत्रं, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, किनाऱ्यावरच राहिली. चार्टरर होती कुवेतची सरकारी तेल कंपनी. तिचा कारभार आता लंडनहून चालायला लागला आणि तिथून हुकूम येऊ लागले.

मालकांना शंका आली. हे हुकूम देणारी माणसं खरंच अधिकृत आहेत का? की मागे इराकचा हात आहे? त्यांनी हुकूम लगेच पाळले नाहीत. टँकर पाण्यात उभा, आणि भाड्याचं मीटर चालू. चार्टरर म्हणाले, या दिवसांचं भाडं आम्ही देणार नाही.

पहिल्या न्यायाधीशांनी चार्टररची बाजू घेतली. १९९४ मध्ये अपील कोर्टाने ती उलटवली. कोर्टाचं म्हणणं असं की हुकूम आला की तत्क्षणी पाळायचा, असं कराराचं बंधन नाही. जहाज, माणसं किंवा माल धोक्यात येईल असं वाटायला वाजवी कारण असेल, तर थोडं थांबून, चौकशी करून निर्णय घेता येतो. मात्र हे थांबणंही वाजवी हवं.

याच सुमाराच्या 'प्रॉडक्ट स्टार' प्रकरणात उलटी बाजू दिसते. इराण-इराक युद्धाच्या काळात मालकांनी अबू धाबीतल्या रुवैस बंदरात जायला नकार दिला, कारण युद्धाचा धोका. करारात तसा अधिकार त्यांना होता. पण करार झाला तेव्हाही तो धोका होताच, आणि दरम्यान तो वाढल्याचं काही दिसत नव्हतं. कोर्टाने नकार चुकीचा ठरवला. अधिकार दिलाय म्हणजे मन मानेल तसा वापरायचा, असा त्याचा अर्थ होत नाही. तो प्रामाणिकपणे वापरावा लागतो आणि त्यामागे कारण लागतं.

उत्तरेची वाट, दक्षिणेची वाट

आता ताम्हिणी घाटाच्या प्रश्नाकडे. १९९४. 'हिल हार्मनी' हे मालवाहू जहाज जपानच्या 'कावासाकी किसेन' कंपनीकडे टाइम चार्टरवर होतं. कॅनडाच्या व्हँकुव्हरहून पॅसिफिक ओलांडून जपानला दोन फेऱ्या करायच्या होत्या.

सपाट नकाशावर व्हँकुव्हर आणि जपान सरळ रेषेने जोडा. ती वाट जवळची दिसते, पण ती जवळची नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, म्हणजे तो उत्तरेकडे, अल्यूशियन बेटांच्या बाजूला चढलेला दिसेल. याला ग्रेट सर्कल म्हणतात. हवामान तज्ज्ञांच्या सल्ल्याने चार्टररनी ही उत्तरेची वाट धरायला सांगितलं. कप्तान दोन्ही वेळा दक्षिणेच्या लांबच्या वाटेने गेला. कारण? आधी एकदा उत्तरेच्या वाटेवर जहाजाला खवळलेल्या समुद्राचा मार बसला होता.

परिणाम असा, की एक फेरी सहा दिवसांहून जास्त लांबली, दुसरी तीन दिवसांहून जास्त. इंधनही वाढलं. चार्टररनी भाड्यातून सुमारे ९० हजार डॉलर कापून घेतले आणि भांडण लवादापुढे गेलं.

लवादाने बहुमताने चार्टररची बाजू घेतली. त्यांच्यापुढे एक बोलका आकडा होता. त्या तीन महिन्यांत ३६० जहाजं उत्तरेच्या वाटेने गेली होती. मग याच जहाजाला काय झालं होतं? पटेल असं कारण कप्तानाच्या बाजूने पुढे आलंच नाही.

पण व्यापारी कोर्टाने निकाल फिरवला. समुद्रातली वाट निवडणं म्हणजे जहाज चालवणंच की, ते कप्तानाचं काम. अपील कोर्टाचंही तेच मत. जहाज चालवणाऱ्यांना हा निकाल आवडला असणार, आणि त्यात तथ्य वाटतंही. वाट निवडायची नाही तर कप्तानाने करायचं काय?

७ डिसेंबर २००० ला हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा चार्टररच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड बिंगहॅम आणि लॉर्ड हॉबहाउस यांनी सविस्तर मतं लिहिली. सार असं: चार्टररने जहाजाचा वेळ विकत घेतलाय. कोणत्या वाटेने गेलं तर तो वेळ कमी खर्च होईल, हा वापराचाच प्रश्न आहे. त्यामुळे नेहमीची, सुरक्षित वाट सांगितली असेल तर कप्तानाने ती धरायची. जहाज, माणसं किंवा माल धोक्यात येईल असं असेल तर तो नकार देऊ शकतो, त्यात कुणी आडवं येणार नाही. पण ते सुरक्षिततेच्या कारणावर उभं हवं. "मला ही वाट नको" एवढं पुरत नाही.

गाडीच्या उदाहरणात सांगायचं तर, घाट बंद असेल, दरड कोसळत असेल, ब्रेक नीट नसतील, तर ड्रायव्हरचा शब्द शेवटचा. पण शेकडो गाड्या त्याच घाटाने रोज जात असतील, तर लांबच्या फेऱ्याचं डिझेल तुम्ही भरायचं नाही.

मला हा निकाल बरोबर वाटतो, आणि कप्तानांच्या विरोधातला वाटत नाही. वाटेल तेव्हा वापरता येणारा नकार फार दिवस टिकत नाही. ज्या नकारामागे ठरलेलं, तपासता येणारं कारण आहे, त्याच्याशी वाद घालणं चार्टररलाही जड जातं.

कायद्याने दिलेला शेवटचा शब्द

हे झालं करारांचं. त्याच्या वर आंतरराष्ट्रीय नियम आहेत. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रातल्या जीवरक्षणाचा पहिला करार झाला. तो सोलास. आजच्या सोलासमधला पाचव्या प्रकरणाचा ३४-१ हा नियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. तो सांगतो, की समुद्रातला जीव आणि पर्यावरण यांच्या रक्षणासाठी कप्तानाला आपल्या व्यावसायिक जाणकारीने जो निर्णय आवश्यक वाटेल, त्यात मालक, चार्टरर, जहाज चालवणारी कंपनी किंवा दुसरं कुणीही अडथळा आणायचा नाही. 'चार्टरर' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच्या आधी, १९९८ पासून लागू झालेल्या आयएसएम कोडनेही कंपन्यांना बजावलं होतं, की सुरक्षिततेच्या बाबतीत सर्वोच्च अधिकार कप्तानाचा, हे तुमच्या कागदपत्रांत लेखी असलंच पाहिजे.

म्हणजे कागदावर प्रश्न सुटला. धोक्याच्या वेळी शेवटचा शब्द कप्तानाचा. आता ती गोम.

शेवटचा शब्द ज्याचा, शेवटचा दोषही त्याचाच. कायदा कप्तानाला हुकमापासून वाचवतो. पण 'टोरी कॅन्यन'मध्ये हुकूम नव्हताच. होती फक्त भरतीची वेळ, आणि ती चुकली तर सहा दिवस कुणाच्या खात्यावर जाणार याची जाणीव. ही जाणीव कुठल्याही कलमात पकडता येत नाही. चौकशीत प्रश्न एकच विचारला जातो: निर्णय कुणाचा होता? उत्तर तयार असतं.

आपल्याकडचं उदाहरण आठवा. १७ मे २०२१, तौक्ते वादळ. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' या बार्जचे नांगर तुटले आणि ती बुडाली. बार्जवर २६१ माणसं होती. नौदलाने पराकाष्ठा करून बहुतेकांना वाचवलं, तरी साठहून अधिक जीव गेले. वादळाचा इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. मग बार्ज सुरक्षित जागी का नेली नाही? बार्जवर कंत्राटदार कंपनीची माणसं होती, बार्जचे मालक वेगळे, काम तिसऱ्याचं. त्या दिवसांतल्या बातम्यांमध्ये एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येत होतं: जागा सोडायची की नाही, हा निर्णय कप्तानाचा होता. गुन्हाही कप्तानावर दाखल झाला. त्या दुर्घटनेत तो स्वतःही गेला, त्यामुळे त्याची बाजू आपण कधीच ऐकणार नाही. त्याची चूक होती की नव्हती, हे इथे ठरवायचं नाही. पण इतके जण कामात गुंतलेले असताना निर्णयाचा कागद एकाच माणसाच्या नावावर निघतो, हे बघून ठेवण्यासारखं आहे.

म्हणून 'हिल हार्मनी'चा निकाल खलाशांच्या कामाचा आहे असं मला वाटतं. तो कप्तानाला सांगतो, कारण दे. आणि कारण द्यायचं म्हणजे ते त्याच वेळी लिहून ठेवायचं: हवामानाचा अंदाज काय होता, जहाजाची अवस्था काय होती, कुणाचा मेसेज किती वाजता आला, त्याला उत्तर काय दिलं. लांबची वाट धरली तरी लिहायचं, आणि दबावाखाली जवळची धरायची वेळ आली तर आधी लिहायचं. लॉगबुकातली ती चार वाक्यं नकाराला बळ देतात. आणि न सांगितलेला दबाव नोंदवून ठेवायची तीच एक जागा आहे.

कोकणात आणि गोव्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथलं कुणी ना कुणी बोटीवर असतं. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. तुमच्या घरात किंवा ओळखीत असं कुणी असेल, तर पुढच्या सुट्टीत त्यांना एवढंच विचारा: कप्तानाने चार्टररला "नाही" म्हटलेलं कधी पाहिलंय का, आणि नंतर ऑफिसातून काय उत्तर आलं? कायद्याच्या पुस्तकात नसलेलं बरंच काही ऐकायला मिळेल. ते आम्हालाही कळवा, नावं न घेता.

पुढच्या भागात बोलू जनरल अ‍ॅव्हरेजबद्दल. म्हणजे जहाज वाचवायला एकाचा माल समुद्रात फेकला, तर त्याचा भुर्दंड सगळ्यांनी मिळून का भरायचा. तोपर्यंत नमस्कार.